साठवणीची पेटी आणि तिचे दप्तर

आपल्यापैकी काहींच्या घरी वा कचेरीत एक लहानशी पेटी असेल. तिच्यात एकदोन हार्ड डिस्क असतात, मागे नेटवर्कची वायर असते, आणि घरातील सारे संगणक तिच्यात छायाचित्रे, हिशेब, दस्तऐवज ठेवतात. ही पेटी म्हणजे स्वतःच एक लहान संगणक असून पुष्कळ पेट्यांत लिनक्स चालते.

१९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे गाभ्याला, आरंभ केला. जो कोणी हा कर्नल यंत्रात घालून विकील त्याने त्याचा सोर्स कोडही ग्राहकास उपलब्ध केला पाहिजे, अशी त्याच्या परवान्याची अट आहे.

मग अडचण कोठे येते? पुष्कळदा कंपनी कर्नलची त्या वेळची प्रत घेते, तीत आपल्या पेटीपुरते फेरफार करते आणि तेथेच थांबते. मूळ कर्नल मात्र पुढे जात असतो. दर नऊदहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. कंपनीने लक्ष काढून घेतले की पुढे सापडलेल्या दोषांच्या दुरुस्त्या पेटीपर्यंत पोचत नाहीत. पेटी धडधाकट असते, पण तिचे कुलूप जुने झालेले असते. म्हणून काही जाणकार तिचा आधार मूळ कर्नलमध्येच घालतात.

हे काम म्हणजे मुख्यतः नोंद करण्याचे काम होय. टेबलावरचा संगणक आपल्या अंगी काय काय आहे ते बऱ्याच अंशी स्वतः सांगतो. एआरएम जातीच्या पेट्या बहुधा मुक्या असतात. कोणता दिवा कोठे जोडला आहे, पंखा कोणाच्या हुकमात आहे, हे कर्नलला सांगावे लागते. पूर्वी ही माहिती प्रत्येक यंत्रासाठी कर्नलच्या कोडमध्येच लिहीत. तो पसारा इतका माजला की २०११ साली टॉरवाल्ड्स यांनी उघड नापसंती दर्शविली. त्यानंतर एआरएम यंत्रांसाठी ‘डिव्हाइस ट्री’ रूढ झाली. नव्या तलाठ्याला गाव तोंडपाठ असण्याची गरज नसते; दप्तर हाती आले की त्याचे काम चालते. डिव्हाइस ट्री हे यंत्राचे असेच दप्तर.

दप्तराबरोबर कधी ड्रायव्हरही लिहावा लागतो. क्यूनॅपच्या काही पेट्यांत वीज बंद करणे मुख्य प्रोसेसरच्या हाती नसते; ते काम दुसरी लहान चिप करते. तिला सीरियल तारेवरून १९२०० बॉडच्या वेगाने ‘ए’ हे एकच इंग्रजी अक्षर पाठवावे लागते. हे ठाऊक नसेल तर सारी पेटी चालेल, पण बंद होणार नाही!

या श्रमाचे फळ काय? लिंक्सिसची एनएसएलयू-२ ही पेटी २००४ साली निघाली. तिची स्मृती अवघी ३२ एमबी. २००७ च्या डेबियन ४.० मध्ये तिला स्थान मिळाले, आणि २०१९ साली तिची डिव्हाइस ट्री मूळ कर्नलमध्ये दाखल झाली.

मात्र एकदा केलेली नोंद कायमची टिकते असे नव्हे. नवी आवृत्ती खऱ्या पेटीवर चालवून पाहणारा कोणी उरला नाही, तर तो आधार काढूनही टाकतात. म्हणून पेटी घेताना किंमत विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न अवश्य विचारा : हिचे दप्तर मूळ कर्नलमध्ये आहे काय?