भोपाळची रात्र आणि आजचीं मुलें

सन १९८४ मधील डिसेंबरच्या २ व ३ तारखांमधली ती रात्र आजच्या विद्यार्थ्यांच्या जन्मापूर्वींची. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या टांकींत पाणी शिरलें, मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायु निजलेल्या वस्तीवर पसरला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. मृतांचा आंकडा पाठ झाला म्हणजे धडा संपला, असें शिक्षकांनीं मानूं नये. टांकी थंड राखणारें यंत्र बंद होतें. वायु जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठीं काढलेली होती. असें कां, हें मुलांनीं विचारावें. ती बातमी ज्यांनीं त्या वेळीं ऐकली, अशा घरांतील वडील माणसांनीं सर्व भार शाळेवर न टाकतां उत्तरांत भाग घ्यावा. हीच मुलें उद्यां कारखानदार व अधिकारी होणार. परक्याच्या जिवाची काळजी त्यांस आजच शिकविली पाहिजे.