पाण्यातले घड्याळ : नावाची किंमत आणि रबराची किंमत

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

घड्याळाचे शत्रू तीन : धूळ, धक्का आणि पाणी. पहिल्या दोघांचा बंदोबस्त करता येतो. तिसरा मात्र केसाएवढ्या फटीतूनही आत शिरतो. पाण्याला दाद न देणारे घड्याळ बनवण्यासाठी कारागिरांनी फार मोठी धडपड केली आणि आज अशा नामांकित घड्याळांना लाखांनी किंमत येते. ही किंमत नेमकी कशाची, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तपासून पाहण्यासारखे आहे.

मला या विषयाकडे वळवले ते बुऱ्हाणपूरच्या मामांनी. शाही किल्ल्याजवळच्या राजघाटावर रोज पहाटे तापीत पोहण्याचा त्यांचा नेम आहे. घड्याळ कपड्यांच्या घडीत लपवायचे आणि पाण्यात असताना अर्धे लक्ष काठाकडे ठेवायचे, हेही ठरलेले. यंत्रमागाच्या कामातून मोकळे झाल्यावर त्यांनी 18 हजार रुपये घड्याळासाठी बाजूला ठेवले. एका विक्रेत्याने तेवढ्याच रकमेला त्यांना जुने फेवर-ल्यूबा 'सी किंग' दाखवले आणि "हे पाण्यातलेच, हातातून काढूच नका" असे सांगितले. तरुणपणापासून मामांना याच घड्याळाची हौस. मला म्हणाले, "तू हिशोबाची पुस्तके वाचतोस ना? घेऊ की नको, ते सांग."

फेवर-ल्यूबा हे नाव आपल्याकडे घराघरांत माहीत होते, ते उगाच नव्हे. या घराण्याची सुरुवात स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल गावी 1737 साली झाली आणि 1865 पासून त्यांचा हिंदुस्थानाशी व्यापार सुरू झाला. मुंबई हे त्याचे ठाणे. पाण्यातल्या घड्याळांच्या इतिहासातही त्यांना मानाचे पान आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. 1926 साली रोलेक्सने 'ऑयस्टर' काढले. त्याचे झाकण आणि चावी दोन्ही आट्यांनी घट्ट बसत. पुढच्याच वर्षी मर्सिडिस ग्लाइत्झ ही इंग्रज जलतरणपटू ते घड्याळ घेऊन इंग्लिश खाडीत दहा तासांहून अधिक काळ पोहली आणि घड्याळ चालूच राहिले. 1953 साली ब्लांपँने 'फिफ्टी फॅदम्स' आणले. फॅदम म्हणजे साधारण आपली 'वाव'. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे 91 मीटर. रोलेक्सची 'सबमरिनर' त्याच सुमाराची, 100 मीटरची. फेवर-ल्यूबाने 1964 साली 200 मीटरचे 'डीप ब्लू' काढले आणि त्याच दशकात 'बॅथी'. 'बॅथी'ची करामत अशी, की पाठीमागील छिद्रांतून येणारे पाणी एका पातळ पडद्यावर दाब देई व त्यावरून काटा खोली दाखवी. पुढे बॅटरीच्या घड्याळांच्या लाटेत या घराण्याला वाईट दिवस आले. 2011 साली टायटनने ते नाव विकत घेतले. त्यानंतर मालकी पुन्हा बदलली आणि 2024 साली 'डीप ब्लू' नव्या रूपात बाजारात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'सी किंग' नावात समुद्र असला, तरी ते 'डीप ब्लू'च्या जातीचे नव्हे. ते रोजच्या वापराचे, चावीचे घड्याळ आहे.

मग पाणी अडवते कोण? पोलाद नव्हे, तर झाकण, काच आणि चावी यांच्याखाली बसवलेली रबराची बारीक कडी. पाण्यात दर 10 मीटरला सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. 'डायव्हर्स' असे लिहिण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक 6425 प्रमाणे घड्याळ किमान 100 मीटरचे असावे लागते आणि लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली त्याची परीक्षा होते. नुसते '30 मीटर' लिहिलेले घड्याळ हात धुण्यापुरते समजावे. पोहण्यासाठी निदान 100 मीटरचे हवे.

परंतु ही परीक्षा नव्या रबराची असते. रबर घाम, साबण आणि गरम पाणी यांनी कडक होते, आक्रसते. वाणिज्याच्या भाषेत सांगावयाचे तर पोलादावर घसारा थोडा आणि रबरावर फार. राजघाटावर छातीइतकेच पाणी असले, तरी पन्नास वर्षांच्या कड्याला तेवढे पुरे होते.

मामांसोबत मी ते घड्याळ पाहिले. झाकण नुसते दाबून बसवलेले, चावीला आटे नाहीत आणि तबकडीचा रंग अगदी ताजा. जुने यंत्र आणि नव्याने रंगवलेली तबकडी अशा मालाला शौकीन मंडळी 'मुंबई स्पेशल' म्हणतात. "दाब देऊन तपासून द्याल का?" असे विचारताच विक्रेत्याने दुसरे घड्याळ पुढे केले. मामा काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "हौस कोरड्या हातावर करू, पोहण्याला दुसरे बघ." त्यांनी बॅटरीवरचे, 200 मीटरचे साधे घड्याळ घेतले. 'सी किंग'साठी ते अजून थांबले आहेत. मात्र आता त्याची किंमत ते पाण्याच्या नावाने देणार नाहीत.

घेणाऱ्याने एवढे पाहावे. चावी आट्यांची आहे का? बाहेरची फिरती कडी एकाच दिशेने फिरते का? ती धक्क्याने उलटी सरकली, तर पाण्यात किती वेळ गेला हे चुकीचे कळते. दाबाची तपासणी व रबर बदलण्याची सोय जवळच्या शहरात आहे का, आणि तिला किती खर्च येतो? हा खर्च खरेदीच्या किमतीत मिळवूनच भाव ठरवावा. पाण्यात असताना चावीला हात लावू नये. जुने घड्याळ, मग ते फेवर-ल्यूबा असो वा बेंगळूरचे एचएमटी, तपासल्यावाचून पाण्यात नेऊ नये.

नामांकित घड्याळ घेणे वाईट नाही. त्यात इतिहास असतो, कारागिरी असते आणि त्यांची किंमत द्यावी. पण पाण्यापासूनचे संरक्षण ही एकदाच विकत घेण्याची वस्तू नव्हे. विम्याच्या हप्त्याप्रमाणे ते वेळोवेळी नवे करावे लागते.