पॉप-पीके ॲनालिसिस: आराखडा पहिला नमुना घेण्याआधीच का लागतो?

समजा, साक्री तालुक्यातला ३५ किलो वजनाचा एक शेतमजूर आणि जळगावचा ४९ किलोचा एक दुकानदार. दोघांनाही टीबी. सरकारी वजनगटाप्रमाणे दोघांना रोज सारख्याच ३ गोळ्या. एका गोळीत रिफाम्पिसिन १५० मिग्रॅ, म्हणजे एकूण ४५० मिग्रॅ. आता भागाकार करा: मजुराला किलोमागे जवळपास १२.९ मिग्रॅ, दुकानदाराला ९.२.

फरक इथेच थांबत नाही. रिफाम्पिसिन जेवणानंतर घेतलं तर कमी शोषलं जातं. त्याच गोळीतलं आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून पटकन जातं, काहींच्या हळू, कारण एनएटी२ हे एन्झाइम प्रत्येकात सारखं काम करत नाही. औषध कमी पडलं तर आजार उलटू शकतो, जास्त झालं तर यकृताला त्रास.

रुग्णारुग्णांतला हा फरक किती आणि कशामुळे, हे मोजतं पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक्स. १९७० च्या दशकात शाइनर आणि बील यांनी ही पद्धत उभी केली. त्यांचं नॉनमेम सॉफ्टवेअर आजही चालतं. फायदा असा की, एका माणसाचे दहा-बारा नमुने लागत नाहीत. दुपारच्या एसटीने गावी परतायचं असलेल्या रुग्णाचे दोन-तीन नमुनेही पुरतात, कारण सगळ्यांचे नमुने एकाच मॉडेलमध्ये जातात.

पण नमुने कमी, म्हणून प्लॅनिंग जास्त. हे आधीच लिहून ठेवा:

प्रश्न. 'वजनगट बदलायला हवेत का?' हा प्रश्न असेल, तर हलके आणि जड दोन्ही रुग्ण हवेत. सगळे ४०-४५ किलोचे घेतले, तर वजनाचा परिणाम दिसणार कसा?

वेळा. सगळ्यांचं रक्त दोन तासांनीच काढलं, तर शोषण उशिरा झालं की औषध लवकर बाहेर पडलं, हे कळत नाही. काहींचे १ आणि ४ तासांनी, काहींचे २ आणि ८ तासांनी घ्या. उपचाराचा कितवा दिवस हेही ठरवा. रिफाम्पिसिन पहिल्या काही आठवड्यांत स्वतःचाच निचरा वाढवतं.

घटक. वजन, एनएटी२, रिकामं पोट: कोणते तपासणार आणि का, ते आधी ठरवा. नंतर वीस घटक चाळले, तर एखादा योगायोगानेही 'महत्त्वाचा' निघतो.

अडचणी. मोजता न येण्याइतके कमी आलेले नमुने, चुकलेले डोस यांचं काय करणार?

माझी चूक सांगते. सरावाच्या डेटामध्ये मी रक्त काढल्याची खरी वेळ न टाकता वेळापत्रकातली वेळ भरली. मॉडेल छान चाललं, उत्तर मात्र चुकीचं! म्हणून गोळी गिळल्याची आणि रक्त काढल्याची घड्याळातली वेळ फॉर्मवर हवीच.

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये 'नॉनमेमने विश्लेषण करू' एवढंच लिहू नका. सॉफ्टवेअर नंतरही शिकता येतं. न घेतलेला नमुना मात्र परत मिळत नाही.