एरंडाची बी, उजेड आणि जखम

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात डोळ्यांच्या रुग्णांची जुनी हस्तलिखित टिपणं जपून ठेवली आहेत. मजकूर इंग्रजी, सोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं. ती सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातली. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या या भोसले राजानं धन्वंतरी महाल उभारला आणि देशी-विलायती वैद्यक एकत्र नांदवलं. ही टिपणं म्हणजे मला त्याच्या कामाचा सगळ्यात हृद्य पुरावा वाटतो.

त्या काळी मोतीबिंदू बहुधा सुईनंच हटवत. बुबुळाच्या कडेजवळून बारीक सुई आत घालायची, गढूळ झालेलं भिंग नजरेच्या वाटेतून खाली लोटायचं, सुई काढून पट्टी बांधायची. भोक एवढंसं, त्यामुळे टाक्याचा प्रश्न नसे. चीर मोठी असली की मात्र शिवण आलीच. सुश्रुतसंहितेत शिवण्यासाठी सांगितलेल्या धाग्यांत अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची, साल आहे, ताग आहे, जवसाचं सूत आहे, मूर्वा आणि गुळवेलही आहे. जखम मिटवायला झाडाकडे जाणं आपल्याकडे इतकं जुनं आहे.

टाक्यात एक अडचण असते, ती कुशल हातांनाही सुटत नाही. एक चीर बंद करायला नवी भोकं पाडावी लागतात. कातडीला ते चालतं. पण रक्ताच्या दाबाखालच्या धमनीत भोकाभोवतीच गळती सुरू होते, आणि धडधडणाऱ्या हृदयाच्या मऊ भिंतीत दोरा मांस कापत जातो. म्हणून चिकटवून टाकण्याची कल्पना. नेहमीचा झटपट गोंद ज्या जातीचा, त्याच जातीचा वैद्यकीय गोंद त्वचेवर वापरतात. पण ओल लागताच तो आवळतो, कडक होतो, आणि हात चुकला तर सरकवायला उसंत देत नाही. सर्जनला हवा असतो तो याच्या उलट पदार्थ: लावताना मधासारखा, आणि ‘आता’ म्हटल्यावर रबरासारखा.

असा एक पदार्थ एरंडेलातून निघतो. एरंडेलातल्या मुख्य आम्लाच्या साखळीत १८ कार्बन असतात. कॉस्टिक सोड्यासोबत ते खूप तापवलं की साखळी तुटते आणि १० कार्बनचं सेबॅसिक आम्ल मिळतं. या रेणूला दोन टोकांना दोन हात. दुसरा घटक ग्लिसरीन, साबण करताना तेलातून सुटणारं; त्याला तीन हात. दोन्ही एकत्र तापवून पाणी काढून टाकत गेलं की हातात हात गुंफले जातात आणि मिश्रण दाटत जातं. पुरेसा वेळ दिला तर त्याचं रबर होतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ते पहिल्यांदा केलं गेलं. गोंदासाठी मात्र ते दाट द्रव असतानाच थांबायचं.

आता या द्रवाला उजेडाची ओळख करून द्यायची. त्यासाठी मोकळ्या राहिलेल्या हातांना अॅक्रिलेट नावाचे गट जोडतात. हा भाग वनस्पतीतून येत नाही, आणि या गोंदाला शंभर टक्के वनस्पतिजन्य म्हणणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. शेवटी चिमूटभर असं रसायन घालतात, जे प्रकाश शोषताच फुटतं. फुटलेला तुकडा अस्वस्थ असतो. तो एका अॅक्रिलेटला धरतो, ते शेजारच्याला, ते पुढच्याला, आणि काही सेकंदांत द्रवाची जाळी विणली जाते. दाताच्या डॉक्टरकडे निळ्या दिव्याखाली भरण कडक होतं, तेही याच रीतीनं. तिथं ठिणगी टाकणारा पदार्थ बहुधा कॅम्फरक्विनोन असतो, आणि तो चक्क कापरापासून करतात.

पण ओल्या, रक्ताळलेल्या जागी हा गोंद धरतो कसा? मूळ तेलाचं असल्यानं हे मिश्रण पाण्याला मिसळू देत नाही आणि दाट असल्यानं रक्तानं वाहून जात नाही. उजेड पडण्याआधी ते ऊतीच्या पृष्ठभागावरच्या कोलॅजेनच्या तंतूंत शिरतं. मग जाळी तयार होते ती तंतूंना आतून गुंफूनच. २०१४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांच्या हृदयातली आणि डुकरांच्या मानेतल्या धमनीतली छिद्रं या गोंदानं बंद करून दाखवली. त्यातूनच निघालेल्या, पॅरिसच्या गेको बायोमेडिकल कंपनीच्या सेटॅलमला रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी २०१७ मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

शरीरातलं पाणी पुढे हीच गुंफण हळूहळू उसवत नेतं. पृष्ठभागापासून झिजत झिजत ग्लिसरीन आणि सेबॅसिक आम्ल सुटं होतं, आणि ते दोन्ही पचवायची वाट शरीराला ठाऊक आहे.

उजेडाच्या मर्यादा आहेतच. रक्त त्याला अडवतं, म्हणून थर पातळ हवा. हवेतला प्राणवायू वरच्या थराची विणकाम-साखळी मध्येच तोडतो, त्यामुळे पृष्ठभाग चिकट राहू शकतो. अतिनील किरण पेशींना अपाय करतात, म्हणून ओढा दिसणाऱ्या प्रकाशाकडे आहे. डोळ्यात ही काळजी आणखी नाजूक, कारण आत पडदा आहे.

आणि डोळ्यातली चीर खरंच मिटली की नाही, हेही उजेडच सांगतो. पिवळ्या फ्लुरोसीनचा थेंब बुबुळावर सोडून निळा दिवा धरतात. आतून पाणी झिरपत असेल तर रंग पातळ होत हिरवी चमकती धार खाली ओघळताना दिसते. गोंद असो वा टाका, ती धार दिसेनाशी होईपर्यंत काम चालू ठेवायचं असतं.