रँडवधानंतरचा सरकारी बंदोबस्त : तारखांचा विचार

रँडवधाचीं कागदपत्रें वाचतांना तारखांकडे दुर्लक्ष करून चालावयाचें नाहीं, असें आमचें मत आहे. प्लेगच्या बंदोबस्तांतील जुलुमानें चिडून दि. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनीं रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या. मारेकरी सांपडेनात, तेव्हां पुणें शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांच्याच माथीं मारण्यांत आला. जुलईंत सरदार नातूबंधूंस सन १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनान्वयें अटकेंत घातलें. या रेग्युलेशनास ना आरोप लागे, ना चौकशी. पेशवाई बुडाल्यावर अवघ्या ९ वर्षांनीं केलेलें हें हत्यार ७० वर्षांनीं पुण्यांतच उपयोगी पडलें! टिळकांस राजद्रोहाबद्दल १४ सप्टेंबर रोजीं १८ महिन्यांची सजा झाली. दामोदरपंतांचा कबुलीजबाब मात्र ऑक्टोबरांतला आहे. म्हणजे शिक्षा आधीं, शोध मागून. पुढें १८९८ सालीं राजद्रोहाचें कलमच अधिक व्यापक केलें. नातू १८९९ सालीं सुटले; त्यांवर खटला कधींच झाला नाहीं. ज्यांच्या संग्रहीं त्या पोलीसखर्चाच्या पट्टीच्या पावत्या असतील, त्यांनीं त्या क्षुल्लक समजून रद्दींत घालूं नयेत.