पाणी कुठून भरता?

ऊसतोडीला गेलेल्या बाईला सरळ विचारलं, "इथले लोक तुमच्याशी कसे वागतात?" तर ती म्हणते, "चांगलं वागत्यात की." टोळी घेऊन आलेला मुकादम जवळच उभा असतो. हंगामाआधी घेतलेली उचल अजून फिटलेली नसते. शिवाय ज्या गावात चार महिने काढायचे त्या गावाला नावं ठेवू नयेत, हे आमच्या आयांनी आम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं. मग कागदावर 'चांगले' या चौकटीत खूण होते आणि प्रश्न तिथंच संपतो.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आई-वडील मिळून एक कोयता. माझं निम्मं बालपण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, गेलं. पुढं गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं म्हणून शाळा टिकली. आता वेगवेगळ्या अभ्यासांसाठी माहिती गोळा करायला मी त्याच फडांवर जाते, कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी सीमेपलीकडं बेळगाव-बागलकोटच्या बाजूला. स्थलांतरितांशी होणारा भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परप्रांतीय येतात, भाषेचं भांडण येतं. पण बीडचा तोडकरी कोल्हापुरात जातो तेव्हा दोन्हीकडं मराठीच असते, राज्यही एकच असतं. तरीही तो तिथं बाहेरचाच राहतो. म्हणून हा भेदभाव नीट मोजायला हवा असं मला मनापासून वाटतं. मोजल्याशिवाय तो कुणी मान्यच करत नाही.

मोजायची पहिली रीत म्हणजे 'भेदभाव' हा शब्दच न वापरणं. अमेरिकेत डेव्हिड विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली 9 साध्या प्रश्नांची एक मोजपट्टी मांडली. दुकानात तुम्हाला इतरांपेक्षा वाईट वागणूक मिळते का, लोक तुम्हाला अप्रामाणिक समजल्यासारखे वागतात का, आणि असं किती वेळा होतं, अशा धाटणीचे ते प्रश्न. ती मोजपट्टी जगभर वापरली गेली, पण फडावर ती जशीच्या तशी चालत नाही. तिथं विचारावं लागतं: पाणी कुठून भरता? किराणा उधारीवर मिळतो का? लेकरू तापानं फणफणलं तेव्हा दवाखान्यात आधी पैसे मागितले की आधी तपासलं? गावात मोटर चोरीला गेली तर लोक पहिल्यांदा कुठं येतात?

'चांगलं वागत्यात' म्हणणारीच बाई मग बोलायला लागते. "गावातल्या नळावर आपल्याला कोण येऊ देतंय ताई? रातच्याला लाइट आली की रानातल्या मोटरीवरून भरायचं." चोरीचं विचारलं की नवरा बोलतो, "कोप्याच धुंडाळत्यात आधी." हे सगळं ते तक्रार म्हणून सांगत नाहीत. पाऊस उशिरा आला असं सांगावं, तसं सांगतात. म्हणूनच मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं आणि नेमक्या प्रश्नाला नेमकं.

पण एवढ्यानं भेदभाव सिद्ध होत नाही. उधारी मिळत नाही ती गरिबीमुळं की परगावच्या असण्यामुळं? त्यासाठी त्याच गावातल्या, तेवढ्याच गरीब, शेतमजुरी करणाऱ्या बाईला तेच प्रश्न विचारावे लागतात. जातीचाही विचार करावा लागतो, कारण टोळ्यांमध्ये वंजारी, बंजारा, दलित, मराठा असे सगळे असतात आणि सगळ्यांचा अनुभव एकसारखा नसतो. उत्पन्न, जात, शिक्षण सारखं असूनही जो फरक उरतो, तो परकेपणाचा. बरेच अभ्यास पैशाअभावी ही दुसरी बाजू सोडून देतात, आणि मग निष्कर्षावर कुणीही बोट ठेवू शकतं.

त्याहून अवघड काम म्हणजे यजमान गावाला विचारणं. भेदभाव सोसणाऱ्याइतकाच तो करणाराही मोजायला हवा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी 1925 च्या सुमारास एक पायऱ्यांची पट्टी तयार केली: अमुक समूहाचा माणूस तुम्हाला सोयरा म्हणून चालेल का, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, सोबत काम करणारा म्हणून? पायरीगणिक नकार कुठं येतो ते बघायचं. आपल्याकडं अडचण अशी की चहा पाजून माणूस म्हणतो, "आम्ही काही भेद मानत नाही." त्यावर एक शहाणा उपाय आहे. निम्म्या गावकऱ्यांना चार वाक्यं वाचून दाखवायची, उरलेल्या निम्म्यांना तीच चार आणि एक जास्तीचं: 'टोळीवाल्यांनी गावच्या नळावर पाणी भरू नये.' कोणती पटतात ते सांगायचं नाही, फक्त किती पटतात तो आकडा सांगायचा. दोन्ही गटांच्या सरासरीत जो फरक पडतो, त्यावरून ते पाचवं वाक्य किती जणांना पटलं ते कळतं. कुणालाही वैयक्तिक कबुली द्यावी लागत नाही.

तरी बोलणं आणि वागणं यांत अंतर राहतंच. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. अडीचशे हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्रानं विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी दहातल्या नऊ जणांनी चिनी माणसांना जागा देणार नाही म्हणून कळवलं. हे 1934 साली छापून आलं. आपल्याकडं बहुधा उलटं घडतं: तोंडानं होकार, वागण्यात नकार. म्हणून प्रत्यक्ष वागणूक तपासणारे प्रयोग मला सर्वांत भरवशाचे वाटतात. अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी तेच केलं. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावांचा. 2007 मध्ये निष्कर्ष आले: दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी स्पष्टपणे कमी.

स्थलांतरितांबाबत राज्यशास्त्राचे अभ्यासक निखार गायकवाड आणि गॅरेथ नेलिस यांनी देशातल्या 28 शहरांतल्या नगरसेवकांना मदत मागणारी पत्रं पाठवली. काही पत्रं जुन्या रहिवाशाच्या नावानं, काही नव्यानं आलेल्याच्या. नव्यानं आलेल्याला उलट फोन येण्याची शक्यता 23 टक्क्यांनी कमी निघाली. त्यांच्या मते मुख्य कारण असं की स्थलांतरित इथं मत देत नाही, अशी नगरसेवकांची समजूत असते. हे वाचताना मला आमचीच माणसं दिसली. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला झालं आणि गाळप हंगाम त्याच महिन्यात सुरू झाला. मत बीडच्या यादीत, माणूस उसात. ज्या गावात तो राहतो तिथल्या सरपंचाला त्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो शेकडो किलोमीटर लांब.

मोजणीनं काय होतं, ते बीडनं पाहिलं आहे. गर्भाशय काढलेल्या बायकांबद्दल आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं समोर आलं. म्हणजे शंभरात जवळजवळ 17. देशात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार हे प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतली वयं वेगळी धरली तरी हे अंतर झाकता येत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर ना आडोसा ना संडास, आणि गावी परतल्यावर ऑपरेशनचा सल्ला देणारे खासगी दवाखाने. हे सगळं त्या आकड्यामागं आहे. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं तो आकडा मांडला. तोवर ती बायकांची कुजबुज होती.

आता अशा मोजणीची एक जवळची संधी आहे. 2011 च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ती 9 ते 28 फेब्रुवारीला, म्हणजे ऐन तोडीत. जो माणूस त्या संपूर्ण काळात घरी नसतो त्याला तो असेल तिथं मोजायचं, असा नियम होता. पुढची मोजणीही फेब्रुवारी 2027 मध्ये ठरली आहे. ऊसपट्ट्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या शिवारात प्रगणक येईल तेव्हा त्याला गावठाणावरून परत जाऊ देऊ नका. फडाकडची वाट दाखवा, कोप्या दाखवा, आणि तिथल्या प्रत्येक बाईचं नाव तिलाच विचारून लिहून घ्यायला सांगा.