नवा अ‍ॅम्प घेण्याआधी

डिकीत सबवूफर बसवला, अ‍ॅम्प जोडला, तरी मनासारखा दणका येत नाही. अशी तक्रार घेऊन गेलात की दुकानदार हमखास आणखी मोठा अ‍ॅम्प सुचवतो. खरे तर बऱ्याचदा सामान ठीक असते, घोळ असतो तो जोडणीत आणि सेटिंगमध्ये. त्याबद्दलचे काही रूढ समज तपासून पाहू.

गैरसमज : जितके जास्त वॅट, तितका मोठा आवाज.
वस्तुस्थिती : खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा क्षणिक कमाल ताकदीचा असतो. सतत मिळणारी ताकद ‘आरएमएस’ वॅटमध्ये मोजतात. शंका आली तर अ‍ॅम्पवरचा फ्यूज पाहा. 30 अँपिअरचा फ्यूज असेल, तर 14 व्होल्टला अ‍ॅम्प सलग खेचू शकेल ती वीज साधारण 420 वॅट. त्यातली थोडी उष्णतेत जाते. मग वर ‘3000 वॅट’ लिहिले असले तरी त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तुम्हीच ठरवा. शिवाय ताकद दुप्पट केली तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबलची, म्हणजे दहापट ताकदीची गरज लागते.

गैरसमज : गेन म्हणजे अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम.
वस्तुस्थिती : स्टिरिओतून येणारा सिग्नल कुठे 2 व्होल्टचा असतो, कुठे 4. त्याच्याशी अ‍ॅम्पचा मेळ घालण्यासाठी गेन असतो. तो गरजेपेक्षा जास्त पिळला की अ‍ॅम्पची मर्यादा संपते, सिग्नलचे शेंडे छाटले जातात आणि आवाज फाटतो. त्यातच वूफरची कॉइल जास्त तापते आणि शेवटी जळते.

गेन लावायचा तो असा : बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, गेन अगदी खाली. वूफरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सोडवा. स्टिरिओचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत नेऊन 50 हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. थांबायचे कुठे? आरएमएस वॅटना ओहमने गुणून वर्गमूळ काढा. 300 वॅट आणि 4 ओहम असतील, तर 34.6 व्होल्ट. वूफरची आरएमएस क्षमता कमी असेल, तर हिशेब तिचाच धरा.

गैरसमज : बेसच्या ठोक्याला दिवे मंदावत असतील, तर कपॅसिटर लावला की झाले.
वस्तुस्थिती : कपॅसिटर वीज तयार करत नाही, क्षणभर साठवतो. इंजिन चालू असताना वीज पुरवतो अल्टरनेटर आणि ती पोचवते वायर. स्वस्त किटमधली वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 60 टक्के, म्हणून अशी वायर जास्त जाड लागते. अर्थिंगकडे तर अनेकांचे लक्षच नसते. रंगावरच स्क्रू पिळला तर जोड कच्चा राहतो. पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा, वायर आखूड ठेवा आणि बोल्ट घट्ट आवळा. मुख्य फ्यूज मात्र बॅटरीजवळच हवा, कारण तो अ‍ॅम्पपर्यंत जाणाऱ्या वायरला आगीपासून वाचवतो.

गैरसमज : वूफर चांगला असला की खोका कसाही चालतो.
वस्तुस्थिती : कंपनी प्रत्येक वूफरसाठी खोक्याचे आकारमान सांगते, ते पाळावे. बंद खोक्यात बेस आटोपशीर आणि नेमका येतो. पोर्टवाला खोका त्याच ताकदीत जास्त दणका देतो, पण जागा जास्त खातो. पोर्टच्या ठरावीक वारंवारितेखाली वूफरच्या पडद्याला हवेचा आधार उरत नाही, म्हणून तिथे सबसॉनिक फिल्टर लावावाच लागतो.

गैरसमज : फिल्टर वर नेला की बेस वाढतो.
वस्तुस्थिती : वाढते ती गुरगुर. लो-पास 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि दारातल्या स्पीकरना तिथूनच हाय-पास लावा. मग फेजचा स्विच 0 आणि 180 अंशांवर फिरवून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका. सब आणि स्पीकर उलट दिशेने ढकलत असतील, तर बेस एकमेकांना खाऊन टाकतो. नुसता स्विच बदलल्याने तो परत येऊ शकतो.

म्हणून आधी फेज, फिल्टर आणि गेन तपासा, त्याला पैसे पडत नाहीत. मग अर्थिंग, वायर आणि खोका पाहा. एवढे करूनही आवाज कमी वाटला, तरच नव्या अ‍ॅम्पचा विचार करा.